ताणतणाव, मेंदू आणि अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल

‘डॉक्टर, डोक्याला फार ताण आहे, ताकदीचं काहीतरी लिहून द्या,’ ही मागणी आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यात नित्याचीच आहे. मग चिठ्ठीच्या शेवटी अँटिऑक्सिडंटची एक कॅप्सूल लिहिली जाते. रुग्ण समाधान पावतो, आपणही. रात्री-अपरात्रीच्या बोलावण्यांनी थकलेले आपण स्वतः नमुन्याच्या पाकिटातील तीच कॅप्सूल घेत असतो, हे आपल्या आपल्यात मान्य करायला हरकत नसावी. या सवयीला शास्त्राचा आधार कितपत आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

तर्क मोठा सुसंगत आहे. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. त्याच्या पेशींच्या आवरणांत असंपृक्त मेदाम्ले विपुल असतात आणि मुक्त मूलके त्यांवरच प्रथम तुटून पडतात. ‘ई’ जीवनसत्त्व या आवरणात राहून ऑक्सिडीकरणाची साखळी तोडते. खर्ची पडलेल्या ‘ई’ला ‘क’ जीवनसत्त्व पुन्हा कार्यक्षम करते. दीर्घकाळ तणावात ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत हे ऑक्सिडीकरण वाढते आणि जीवनसत्त्वे दिल्यास कमी होते, असेही प्रयोगशाळांतून वारंवार दिसले आहे.

माणसांचा अनुभव मात्र निराळा आहे. ब्रिटनमधील ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त २०,५३६ व्यक्तींपैकी निम्म्यांना ‘ई’, ‘क’ आणि बीटा-कॅरोटिन पाच वर्षे रोज दिले गेले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा बौद्धिक क्षमतेत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. त्याहून आपल्याला जवळची वाटावी अशी चाचणी अमेरिकेतील. कारण तिच्यातील १४,६४१ स्वयंसेवक हे सारे पन्नाशी गाठलेले पुरुष डॉक्टरच होते! सुमारे आठ वर्षे ‘ई’ आणि ‘क’ घेऊनही त्यांचे हृदयविकार वा पक्षाघात कमी झाले नाहीत. उलट मेंदूतील रक्तस्रावाने होणारा पक्षाघात ‘ई’ घेणाऱ्यांत ३९ जणांना, तर न घेणाऱ्यांत २३ जणांना झाला. आकडे लहान आहेत, तरी वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाला ४०० युनिटची कॅप्सूल सहजगत्या लिहिताना ते आठवावेत. अल्झायमरच्या सौम्य ते मध्यम अवस्थेत मोठ्या मात्रेतील ‘ई’मुळे रुग्णाच्या दैनंदिन व्यवहारांतील घसरण काहीशी मंदावल्याचे २०१४ साली दिसून आले, पण तो आजार वेगळा, ताणतणाव वेगळा.

असे का व्हावे? ‘क’ जीवनसत्त्वापुरते उत्तर सोपे आहे. मेंदू ते स्वतंत्र वाहक प्रथिनाच्या साहाय्याने खेचून घेतो आणि साठवून ठेवतो. रोजची मात्रा काहीशे मिलिग्रॅमच्या पुढे गेली, की रक्तातील पातळी फारशी वाढत नाही. उरलेले मूत्रावाटे निघून जाते. एका मध्यम पेरूत (ज्याला आपण इंदूरकर सर्रास ‘जाम’ म्हणतो) दिवसाच्या गरजेहून अधिक ‘क’ असते. तो हातगाडीवर मिळतो, आणि त्याचा प्रतिनिधी आपल्या दारी येत नाही एवढेच. ज्याच्या आहारात खरोखर कमतरता आहे, त्याला जीवनसत्त्व अवश्य द्यावे. तो उपचार आहे, कवच नव्हे.

मग तणावग्रस्ताला विचारायचे काय? हा ताण किती दिवसांचा आहे, झोप किती तास होते, आणि यातले काय कमी करता येईल. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी व सहकाऱ्यांनी उंदरांना रोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस जखडून ठेवले. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखडल्या, तर भीतीचे केंद्र असलेल्या ॲमिग्डलातील शाखा वाढल्या. पुढे २१ दिवस विश्रांती दिल्यावर हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला. ॲमिग्डलातील वाढ मात्र तशीच राहिली.