दोन रुळांमधले अंतर

मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी गाडी धावली. त्या रुळांमध्ये साडेपाच फुटांचे, म्हणजे १,६७६ मिलिमीटरचे अंतर होते. इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या रुंदीचे मार्ग घालून जो घोळ केला होता, तो हिंदुस्थानात नको, देशभर एकच गेज असावे, असा गव्हर्नर जनरल डलहौसीचा आग्रह होता. पुढच्या वीस वर्षांतच तो मोडला.

त्याचे कारण पैशाचे होते. खासगी कंपन्यांना गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती आणि तूट पडली की ती इथल्या महसुलातून भरली जाई. काटकसर करण्याचे कंपन्यांना कारणच उरले नव्हते. बोरघाट १८६३ मध्ये, थळघाट १८६५ मध्ये सर झाला आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला; पण खर्चाचे आकडे पाहून सरकार हबकले. व्हाइसरॉय मेयोने स्वस्त आणि अरुंद मार्गांचा पुरस्कार केला. देशात मेट्रिक मापे येणारच, या भरवशावर ही नवी रुंदी नेमकी एक मीटर ठरली. मापे आली ती स्वातंत्र्यानंतर. मीटरगेज मात्र १८७३ मध्ये दिल्ली-रेवाडी मार्गावर धावू लागले होते. राजपुताना, सौराष्ट्र, उत्तर बिहार, आसाम आणि दक्षिणेचा मोठा भाग त्याने व्यापला. त्याहून अरुंद नॅरोगेज डोंगरांत आणि दुर्गम तालुक्यांत गेले. दार्जिलिंग आणि माथेरानच्या गाड्या सर्वांना ठाऊक आहेत, पण १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वेही त्याच जातीची.

स्वस्ताईची किंमत जंक्शनवर मोजावी लागे. मनमाडला हैदराबादकडचे मीटरगेज मुंबईच्या ब्रॉडगेजला भेटे. तिथे एका वाघिणीतला माल उतरवून दुसरीत भरावा लागे. त्यात वेळ जाई, हमाली वाढे आणि पोती फाटत ती वेगळीच. सत्तरच्या दशकात पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर मिरजेत तर तिन्ही गेज एकत्र नांदत होती. लष्करी हालचालींनाही हा अडसर होताच. फाळणीने आसामचा उरलेल्या देशाशी असलेला रेल्वेसंबंध तोडला, तेव्हा १९५० च्या जानेवारीपर्यंत घाईने उभारलेला नवा दुवाही मीटरगेजच होता.

संस्थानी आणि कंपन्यांच्या रेल्वे एकत्र करून १९५१ पासून विभाग बनवले गेले, पण रुळांचे एकीकरण रखडले. एखाद्या मार्गाचे गेज बदलणे म्हणजे बरेचदा तो नव्याने बांधणेच असते: पूल, बोगदे, वळणे, फलाट, सारेच बदलते. अखेर १९९२ मध्ये ‘प्रोजेक्ट युनिगेज’ हाती घेण्यात आला आणि मीटरगेज झपाट्याने ओसरले. आज सुमारे ६८ ते ६९ हजार किलोमीटरच्या जाळ्यात ब्रॉडगेजचा वाटा पंचाण्णव टक्क्यांहून अधिक आहे. मुंबईत १९२५ मध्ये सुरू झालेले विद्युतीकरणही आता जवळपास सर्व ब्रॉडगेज मार्गांवर पोहोचले आहे. दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर आणि लुधियाना ते सोननगर असे मालवाहतुकीचे स्वतंत्र मार्गही याच रुंदीचे आहेत. मालगाड्या तिकडे वळल्या की जुन्या मार्गांवर प्रवासी गाड्यांना जागा मिळते.

सगळ्यांच्या वाट्याला रूपांतर आले असे नाही. विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ‘शकुंतला’ नॅरोगेजवरच बंद पडली आणि तिच्या रूपांतराची मागणी वर्षानुवर्षे चालू राहिली. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला हे मार्ग जागतिक वारसा म्हणून जुन्याच रुंदीवर जपले आहेत. आणि एकाच गेजचे स्वप्न पुरे होत आले असताना मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा बुलेट ट्रेनचा मार्ग १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर बांधला जात आहे. त्याच्या गाड्या इतर रुळांवर जाऊ शकणार नाहीत. मात्र जपानी शिंकान्सेनचे तंत्र त्याच रुंदीसाठी घडलेले असल्याने ही तडजोड स्वीकारली गेली आहे.