मागच्या दारची विचारपूस

सत्तरच्या दशकात आमच्या कोकणातल्या वाडीत कोंबड्या नसलेलं घर शोधावं लागे. पाच-सात कोंबड्या, एक कोंबडा, पडवीच्या कोपऱ्यात सारवलेलं खुराडं आणि रात्री त्याच्या तोंडाशी लावलेला दगड, एवढाच पसारा. कोंबड्या घरच्या बाईच्या आणि अंड्यांचे पैसेही तिचेच. त्यातून पोरांच्या वह्या येत, जत्रेतल्या बांगड्या येत, अडीअडचणीला कुणापुढे हात पसरावा लागत नसे. गेल्या पन्नास वर्षांत यातलं बरंच बदललं. पण परसातली कोंबडी तेव्हाही शेजारपणावर जगत होती आणि आजही तिला दुसरा आधार नाही.

सकाळचं पहिलं काम कोंबड्या चाचपण्याचं. खुराडं उघडताना आजी एकेकीला बगलेत धरून मागून बोटाने अंदाज घ्यायची. अंडं हाताला लागलं की ती कोंबडी टोपलीखाली झाकायची, बाकीच्या मोकळ्या. तरीही एखादी निसटून दुसऱ्याच्या मांगरात पेंढ्यावर जाऊन बसायची. मग कुंपणापलीकडून हाक यायची, “काकी, तुमची तांबडी आमच्याकडे घालतेय हां. चार अंडी ठेवलीत, घेऊन जावा.” त्या चार अंड्यांच्या निमित्ताने अर्धा तास गप्पा होत. कोणाची काळी खुडूक बसली, कोणाचं पिल्लू घारीने उचललं, मुंगूस कुठल्या गडग्यातून येतंय, राखणीसाठी कोंबडा कोणाकडे मिळेल, सगळी खबर तिथेच कळे. वरवर पाहता त्या रिकाम्या गप्पा होत्या, पण कोंबड्या राखण्याचं सगळं शिक्षण बायकांनी त्यातूनच एकमेकींना दिलं.

गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. वर्षाची अंडी पन्नास-साठच्या घरात. पिल्लं नको असतील तर तिचा खुडूक मोडायचा, त्यासाठी कोणी तिला पाण्यात बुडवी, कोणी नाकात पीस घाली. पिल्लं हवी असली आणि घरात अंडी कमी असली, तर शेजारणीकडून चार आणायची. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली की तिला एक-दोन द्यायची. ज्या घरी कोंबडीच नसेल तिथे तलंग अर्धलीने जाई, म्हणजे सांभाळणारीची निम्मी पिल्लं आणि मालकिणीची निम्मी. कोंबडाही अधूनमधून बदलला जाई. एकाच घरातलं रक्त फिरत राहिलं तर पिल्लं मरतुकडी निघतात, हे कुठलंही पुस्तक न वाचता बायकांना ठाऊक होतं.

या सगळ्यावर पाणी फिरवी ती मानमोडी, म्हणजेच राणीखेत. हिरवट हगवण, वाकडी होत जाणारी मान, आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. “खालच्या वाडीत मर लागलीय” हा निरोप वेळेवर आला तर बाजारातून नवी कोंबडी आणायची नाही, पाहुण्याने आणलेली कळपात सोडायची नाही, एवढं तरी हातात राही. पण आजारी कोंबड्या घाईने विकून टाकणारेही होते आणि त्यांच्यामुळेच रोग गावोगाव फिरे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज आली, पुढे हैदराबादहून वनराजा आणि ग्रामप्रिया. अंडी गावठीच्या दुप्पट-तिप्पट, वजनही झटपट. पण या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. पिल्लांसाठी उबवणी केंद्र गाठायचं किंवा गावठीखाली अंडी ठेवायची. त्यामुळे ज्या घरांनी चांगली बसणारी गावठी राखली, त्यांच्या दारी पुन्हा राबता सुरू झाला.

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या परसातल्या कोंबड्यांपर्यंत तो पोचला. जानेवारी 2021 मध्ये त्याच रोगामुळे परभणीच्या मुरुंब्याचं नाव बातम्यांत आलं. शेडमधल्या कोंबड्यांचा हिशेब मालकाच्या वहीत असतो. परसातली कोंबडी मात्र नातवंडांनी नाव ठेवलेली असते, भरपाई मिळाली तरी तिची वीण परत येत नाही. मधे 2020 च्या सुरुवातीला चिकनमुळे कोरोना होतो अशी अफवा उठून ब्रॉयलर मातीमोल झाला. मग टाळेबंदीत मुंबईहून परतलेल्या किती तरी घरांनी पुन्हा खुराडी बांधली.

तशी ही पाळणूक त्याआधीच सावरत होती. 2019 च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या 31.7 कोटी भरल्या, 2012 च्या तुलनेत सुमारे 46 टक्क्यांनी जास्त. आता वाडीतली बोलणी निराळी असतात. गावठी अंड्याला काय दर मिळाला, अंडी उबवायचं मशिन कुणी आणलं, वीज गेली तेव्हा काय केलं, कडकनाथ परवडतो का. विचारणाऱ्यांत तरुण मुलंही असतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण जुनं शेजारपण आजही लागतं, आणि ते कुठे लागतं हे लसीच्या बाटलीवरून कळतं. राणीखेतची लासोटा लस शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांच्या बाटलीत येते. ती बर्फातून आणायची आणि एकदा पाणी घातलं की दोन तासांत संपवायची. दहा पिल्लांच्या धनिणीने एकटीने ती आणली तर नव्वद मात्रा मोरीत जातात. म्हणून बहुतेकजणी आणतच नाहीत आणि पुढे मर लागते. आमच्या वाडीत आता दिवस ठरवतात. पहाटे खुराडी उघडायच्या आत, कारण एकदा सुटलेली कोंबडी हाती लागत नाही, एक मुलगी बाटली घेऊन घरोघर फिरते. पिल्लाचं डोकं आडवं धरून डोळ्यात एक थेंब सोडायचा, त्याने पापणी मिटली की पुढचं घ्यायचं. सूर्य वर यायच्या आत दहा-बारा घरं होतात. जिथे शेजारी एकमेकांना विचारतात तिथेच हे जमतं. तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यांनी लसीचं वेळापत्रक घरापुरतं न आखता वाडीपुरतं आखावं, आणि आपणही खुराडं बांधण्याआधी शेजारचं दार ठोठावावं.