हिमकणांचे फोटो काढणारा शेतकरी



आपल्यात एक समजूत फार पक्की आहे. ती अशी, की शास्त्राचा अभ्यास हा मोठ्या शहरातल्या, मोठ्या इमारतीतल्या लोकांचा उद्योग. ज्याला पहाटे उठून गाईम्हशींच्या धारा काढायच्या आहेत, वैरण तोडायची आहे, त्याला कुठला आलाय वेळ आणि कुठली आलीत साधनं! आज ज्याची माहिती तुम्हाला द्यायची, तो असाच गाईगुरे सांभाळणारा शेतकरी होता. त्याला फोटो काढण्याचा छंद होता आणि त्या छंदातून त्याने जे पाहून ठेवले, ते त्याआधी इतके बारकाईने कोणीच पाहिले नव्हते. मात्र त्याने शेती सोडून हे केले नाही. तो शेतावर होता, म्हणूनच त्याला ते साधले. ते कसे, ते आता पाहू.

या शेतकऱ्याचे नाव विल्सन बेंटली. अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचे डोंगराळ राज्य आहे. त्यातल्या जेरिको गावाजवळच्या एका शेतावर ९ फेब्रुवारी १८६५ रोजी त्याचा जन्म झाला. आई पूर्वी शिक्षिका होती. चौदाव्या वर्षापर्यंत पोराचे शिक्षण तिने घरीच केले. तिच्याजवळ एक लहानसे सूक्ष्मदर्शक यंत्र होते. पंधराव्या वर्षी ते बेंटलीच्या हाती आले आणि त्याला नाद लागला. फुलाची पाकळी, पाण्याचा थेंब, दगडाची कपची, जे सापडेल ते तो यंत्राखाली धरी. त्या मुलखात हिवाळाभर बर्फ पडते. एके दिवशी त्याने बर्फाचा पडता कण यंत्राखाली धरला, आणि पाहतच राहिला.

आता तुम्ही म्हणाल, बर्फाच्या कणात पाहण्यासारखं काय असतं? आपल्याकडे आकाशातून पडतात त्या गारा. गार म्हणजे ढगात वरखाली हिंदकळत, थरावर थर चढत गोठलेला पाण्याचा गोळा. हिमकणाची जन्मकथा निराळी आहे. थंड ढगात धुळीच्या एखाद्या सूक्ष्म कणाभोवती आधी इवलेसे बर्फ धरते. मग भोवतालची वाफ, मध्ये पाणी न होताच, त्यावर येऊन बसू लागते. पाण्याचे रेणू बर्फात एकमेकांना धरून बसतात ते सहा-सहांच्या कड्यांनी. म्हणून हा कण वाढतो तोही सहा अंगांनी. कधी सहा कोनांची चकती, कधी सहा पाकळ्यांचे फूल, कधी नेचाच्या पानांसारख्या सहा फांद्यांचा तारा. हिमकण नेहमी सहाच कोनांचा का, हा प्रश्न योहानेस केप्लर या थोर ज्योतिर्विदाने १६११ साली एका छोट्या पुस्तकात विचारला होता. त्याचे खरे उत्तर मिळायला पुढे तीनशे वर्षे लागली.

बेंटली या कणांची चित्रे काढू लागला. पण चित्र निम्मे होईपर्यंत कण वितळून जाई. तेव्हा फोटो हाच उपाय, असे त्याने ठरवले. सूक्ष्मदर्शकाचे भिंग आणि भात्याचा कॅमेरा असा सरंजाम हवा होता. त्याला सुमारे शंभर डॉलर पडणार होते. त्या काळी एवढ्या पैशात चारदोन चांगल्या गाई आल्या असत्या. आईने मुलाची बाजू घेतली आणि बापाने नाखुशीने का होईना, पैसे मोजले. पुढे जन्मभर त्या बापाला हा सगळा पोरखेळच वाटत राहिला.

यंत्र आले म्हणून फोटो आला असे झाले नाही. पुष्कळ काचा फुकट गेल्या. शेवटी १५ जानेवारी १८८५ रोजी, विसावे वर्ष पुरे व्हायला काही दिवस असताना, त्याला हिमकणाचा पहिला स्वच्छ फोटो मिळाला.

त्याची पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. काम चाले ते उबेच्या घरात नव्हे, तर बिनशेकोटीच्या थंडगार खोपटात. कारण उघडच आहे, ऊब लागली की कण गेला. बर्फ पडू लागले की काळ्या रंगाची एक फळी तो बाहेर धरी. काळ्यावर पांढरा कण चटकन दिसतो. त्यातला चांगला कण केरसुणीच्या काडीने अलगद उचलून काचपट्टीवर घ्यायचा आणि पक्ष्याच्या पिसाने हलकेच बसवायचा. श्वास रोखून धरायचा, कारण तोंडची वाफ लागली तरी कण वितळायचा. मग काचपट्टी यंत्राखाली, कॅमेऱ्याचे तोंड खिडकीकडे, आणि खिडकीतला उजेड कणातून आरपार येऊ देऊन कित्येक सेकंद काच उघडी ठेवायची. कॅमेऱ्यामागे उभे राहिले की भिंग पुढेमागे करण्याच्या चाकापर्यंत हात पोहोचत नसे. तेव्हा त्याने दोरी आणि चाके लावून स्वतःच एक जुळणी केली. शेतावरची मोडतोड ज्याला स्वतः दुरुस्त करावी लागते, त्याला असली जुळणी सुचायला वेळ लागत नाही.

आणि हे सारे सांभाळून शेतीची कामे होतीच. भाऊ आणि त्याचे कुटुंब त्याच घरात राही. गाईंच्या धारा, वैरण, पेरणी-कापणी सुटली नाही. पण नीट विचार करा. हिमवर्षाव कधी होईल याचे वेळापत्रक नसते. रात्री होईल, पहाटे होईल, दहा मिनिटांत थांबेल. चांगले कण पडतात ते काही थोड्याच वेळा. दूर शहरातला विद्वान निरोप मिळून गाडीत बसून येईपर्यंत सगळा खेळ आटोपलेला. हा गडी मात्र गोठ्यातच उभा. दाराबाहेर पाऊल टाकले की आभाळ त्याच्या डोक्यावर! शिवाय थंडीचे दिवस म्हणजे त्या मुलखात शेतकऱ्याला जरा सवडीचे. म्हणजे कामधंदा आड आला म्हणावे, तर त्याच कामधंद्याने त्याला योग्य जागी, योग्य वेळी उभे केले होते. तो शेचाळीसहून अधिक हिवाळे हे करीत राहिला आणि पाच हजारांहून जास्त हिमकणांचे फोटो त्याने जमवले. प्रत्येक वेळी हवा कशी होती, वारा कुठला होता, याची टिपणेही ठेवली. नुसता फोटो म्हणजे शोभेची वस्तू. तारीख आणि हवामान लिहिलेला फोटो म्हणजे पुरावा.

गावाला याचे कौतुक होते का? फारसे नव्हते. पुष्कळांच्या दृष्टीने हा बर्फाचे फोटो काढणारा विक्षिप्त माणूस. फोटोच्या काचा तो पाच-पाच सेंटांना विकी. पुढे त्याने स्वतःच हिशेब मांडला, तेव्हा या उद्योगात वेळ आणि सामान धरून सुमारे पंधरा हजार डॉलर गेले होते आणि मिळकत झाली होती चार हजारांच्या आत. १९२४ साली अमेरिकेतल्या हवामानशास्त्र संस्थेने त्याला संशोधनासाठी मदत दिली, ती पंचवीस डॉलरची. हे आकडे मुद्दाम सांगितले. छंदाला मोल पडते आणि ते घरच्यांनाही सोसावे लागते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

त्याच्या कामात एक उणे होते, तेही सांगायला हवे. हिमकण काळ्याभोर पार्श्वभूमीवर उठून दिसावा म्हणून बेंटली फोटोच्या काचेची एक प्रत काढी आणि कणाभोवतीचा थर चाकूने खरवडून टाकी. जर्मनीतले हवामानशास्त्रज्ञ गुस्टाव्ह हेलमान यांच्या बाजूने यावर आक्षेप आला. खरवडताना कणाची कडाच बदलली तर? शिवाय त्यांच्या फोटोंत कण इतके रेखीव नव्हते. वेडेवाकडे, मोडके, तुटकेच जास्त होते. आज आपण जाणतो की आक्षेपात तथ्य होते. आभाळातून पडणारे बहुतेक कण अर्धवट किंवा मोडकेच असतात. बेंटली सुंदर तेवढे निवडी. म्हणून त्याचा संग्रह पाहून ‘सगळे हिमकण असेच असतात’ असे कोणी म्हणेल तर ते चूक ठरेल. शिक्षक बंधूंनो, मुलांच्या वहीतही हेच होते. बरोबर आलेला प्रयोग लिहायचा आणि फसलेला पुसून टाकायचा. तसे करू देऊ नका. वेडावाकडा कणही वहीत आला पाहिजे.

एकसारखे दोन हिमकण आपल्याला कधी आढळले नाहीत, असे बेंटली सांगे. ती गोष्ट जगभर पसरली. तिचे कारण पुढे जपानात उलगडले. उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञाने १९३६ साली होक्काइडो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सशाच्या केसावर कृत्रिम हिमकण वाढवून दाखवला. आकार ठरतो तो थंडीवर आणि हवेतल्या ओलाव्यावर. शून्याखाली दोन अंशांच्या सुमारास चकत्या धरतात, पाच अंशांच्या सुमारास सुया आणि खांब, पंधरा अंशांच्या सुमारास फांद्यांचे तारे. खाली येताना प्रत्येक कण निराळ्या वाटेने येतो, निराळी हवा खातो, म्हणून निराळा होतो. प्रयोगशाळेत शेजारी शेजारी, एकाच हवेत वाढवले तर जुळ्या भावंडांसारखे कणही मिळतात. म्हणजे यात जादू नाही. कण ज्या हवेतून आला, तिची खूण त्याच्या अंगावर राहते, एवढेच.

आता तुम्ही विचाराल, आमच्या गावात बर्फच पडत नाही, मग आम्ही काय करावं? बेंटलीने पावसाचाही अभ्यास केला होता, आणि तो प्रयोग कोणत्याही शाळेत होण्याजोगा आहे. १८९८ पासून त्याने पावसाच्या थेंबांची मापे घ्यायला सुरुवात केली आणि निष्कर्ष १९०४ साली छापले. साधन काय, तर पिठाने भरलेले एक ताट!

परातीत चाळलेला कोरडा मैदा इंचभर जाडीचा पसरा. वर पुठ्ठ्याचे झाकण ठेवा. पाऊस चालू असताना परात ओसरीच्या कडेला धरून झाकण दोन सेकंद काढा आणि लगेच लावा. विजा चमकत असतील तर मात्र हा प्रयोग मुळीच करू नका. मुलांना घरातच ठेवा. प्रत्येक थेंबाची पिठात एकेक गोळी होते. गोळ्या थोड्या कडक झाल्या की पीठ चाळणीने हलकेच चाळून घ्या. एकाच आकाराच्या दहा गोळ्या पट्टीशेजारी ओळीने मांडा, लांबी मोजा, दहाने भागा. झाले माप!

पण गोळी थेंबाएवढीच असते कशावरून? हा प्रश्न बेंटलीलाही पडला. म्हणून त्याने माहीत असलेल्या मापाचे थेंब उंचावरून पिठात टाकून पाहिले. तुम्ही औषधाच्या ड्रॉपरने किती थेंबांत एक मिलिलिटर भरतो ते मोजा. वीस थेंब लागले, तर एक थेंब साडेचार मिलिमीटर व्यासाचा. तोच थेंब माळ्यावरून पिठात टाका आणि गोळी ताडून पाहा. उरलेले पीठ वाया घालवू नका. गोठ्यात त्याला गिऱ्हाईक असतेच.

या गोळ्यांतून काय कळेल? भुरभुर पावसाचे थेंब अर्ध्या मिलिमीटरच्या आतले. मोठ्यात मोठे थेंब पाच-सहा मिलिमीटरपर्यंत. त्याहून मोठा झाला की हवेच्या माऱ्याने तो फुटतो. वैशाखातल्या वळवाचे टपोरे थेंब आणि आषाढातल्या संततधारेचे बारीक थेंब यांतला फरक हातात घेऊन दाखवता येईल. वळवाचा ढग फार उंच चढतो. आपल्याकडे साधारण पाच किलोमीटरच्या वर हवा शून्याखाली जाते, तिथे ढगाचा माथा बर्फाचा असतो. ते बर्फ खाली येताना वितळते आणि त्याचेच टपोरे थेंब होतात. घाटावरच्या, कोकणातल्या पावसाळी बुटक्या ढगांत मात्र लहान थेंब एकमेकांना मिळूनच मोठे होतात. पाऊस या दोन्ही वाटांनी होतो, हे बेंटलीने पिठाच्या गोळ्यांवरून ताडले होते. म्हणजे मे महिन्याच्या उन्हात तुमच्या अंगणात पडलेला टपोरा थेंब पुष्कळदा काही मिनिटांपूर्वी बर्फ असतो!

दव आणि गोठलेले दव यांचेही फोटो बेंटलीने काढले. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी कडक थंडीत कधी कधी दव गोठते. एरवीही हिवाळ्यात सकाळी कोळ्याच्या जाळ्यावर, हरभऱ्याच्या पानावर दहिवर असतेच. आता घरोघरी मोबाइल आला आहे. त्याच्या कॅमेऱ्यापुढे साधे भिंग धरले की बेंटलीला शंभर डॉलर मोजून जे मिळाले, त्यातले बरेचसे मिळते. फोटोसोबत तारीख, वेळ, वारा आणि आभाळ यांची नोंद मात्र वहीत करा.

बेंटलीचे ‘स्नो क्रिस्टल्स’ हे पुस्तक विल्यम हम्फ्रीज या शास्त्रज्ञाच्या साहाय्याने १९३१ साली निघाले. त्यात चोवीसशेहून अधिक चित्रे आहेत. त्यानंतर काही आठवड्यांतच, २३ डिसेंबर १९३१ रोजी, ज्या घरात जन्मला त्याच घरात न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. जपानात नाकायांना हिमकणांकडे वळवले ते याच पुस्तकातल्या चित्रांनी. एका गुराख्याच्या खोपटातले काम असे समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेत पोहोचले.

तेव्हा येत्या मृगाला परात, पीठ आणि एक वही तयार ठेवा. पहिल्या वर्षीच्या नोंदींचे काही वाटणार नाही. पाच-दहा वर्षांच्या नोंदी एकत्र झाल्या, की तुमच्या गावच्या पावसाविषयी तुमच्या शाळेइतकी माहिती दुसऱ्या कोणाजवळ नसेल.