मिलिंग म्हणजे चक्की नव्हे

मागच्या महिन्यात चिखली तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. तिथं एका मावशीनं विचारलं, "बाई, माह्या पोरीले आयटीआयत मशिनिस्टले नंबर लागला. ते म्हणते मिलिंग शिकाचं हाय. मंग चक्कीच चालवाची तं आयटीआय कायले?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण प्रश्न खरा होता. आपल्याकडं मिल म्हटलं की पिठाची चक्की, डाळमिल, नाहीतर खामगावची जिनिंग. आणि मावशींना गटाकडून कर्ज काढायचं होतं. ज्या कामासाठी पैसे लावायचे ते काम काय आहे, हे आधी कळायलाच हवं. म्हणून आजचं बोलणं त्यावरच.

मी स्वतः छत्रपती संभाजीनगरच्या एका कारखान्यात हेच काम नऊ वर्षं केलं. माझ्या आईच्या गटानंच माझ्या कोर्सची पहिली फी दिली होती. त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

मिलिंग म्हणजे धातू कोरून त्याला आकार देणं. लेथ मशीनवर नग फिरतो आणि हत्यार त्याला टेकतं. मिलिंगमध्ये उलटं असतं. नग टेबलावर घट्ट बांधलेला असतो आणि दातेरी हत्यार, म्हणजे कटर, गरगर फिरत त्यातून वाट काढतं. तुमच्या घरात प्लास्टिकची बादली आहे, डबा आहे, स्विच आहे. तो ज्या लोखंडी साच्यात घडतो, तो साचा बहुतेक वेळा याच पद्धतीनं कोरलेला असतो.

पूर्वी कारागीर हातानं चाकं फिरवून कटर पुढं-मागं न्यायचा. १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरच्या आकड्यांनी चालणारं मिलिंग मशीन दाखवण्यात आलं. आज पट्टी गेली, संगणक आला. अशा मशीनला सीएनसी म्हणतात. कटरनं कुठून कुठं, किती खोल, किती वेगानं जायचं ही वाट संगणकावर आखायची, हे आमचं काम. त्या वाटेला टूलपाथ म्हणतात आणि ती आखून देणाऱ्या सॉफ्टवेअरला कॅम.

आता ही वाट समजायला अवघड नाही, कारण ती तुम्ही शेतात रोज बघता. नांगरताना एक तास घालायचा, धुऱ्यापाशी वळायचं, त्याला लागून दुसरा तास. दोन तासांत अंतर जास्त पडलं तर मधे न नांगरलेली पट्टी राहते. फार जवळ घातले तर डिझेल आणि वेळ वाया. नांगर एकदम खोल घातला तर ट्रॅक्टर दमतो, नाहीतर फाळ मोडतो. कटरचंही असंच असतं.

एक उदाहरण घेऊ. समजा तुमच्या गटाला पाण्यावर तरंगणाऱ्या चौकोनी मेणबत्त्या करायच्या आहेत आणि त्यासाठी ॲल्युमिनियमचा साचा हवा. ८० मिमी लांब, ८० मिमी रुंद आणि ३१ मिमी जाड ठोकळा आणला. त्यात ५० बाय ५० मिमीचा, २० मिमी खोल खड्डा करायचा आहे.

पहिलं काम, संगणकावर साच्याचं चित्र काढायचं. चित्र म्हणजे लांबी, रुंदी, खोली असलेला पुरा आकार. खड्ड्याच्या भिंती सरळ उभ्या न ठेवता थोड्या बाहेर कलत्या ठेवायच्या, म्हणजे मेणबत्ती सहज सुटते.

दुसरं काम, सुरुवातीचा बिंदू ठरवायचा. जमिनीची मोजणी हद्दीच्या दगडापासून करतात. दगड सरकला की सगळं शेत सरकतं. तसंच ठोकळ्याचा एक कोपरा शून्य मानतात आणि सगळी मापं तिथून घेतात. संगणकावर एक कोपरा धरला आणि मशीनवर दुसरा लावला, तर वाट बरोबर असूनही खड्डा भलत्याच जागी पडतो.

तिसरं काम, कटर निवडायचा. समजा १० मिमी जाडीचा, दोन दातांचा कार्बाइडचा कटर घेतला. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. १० मिमीचा गोल कटर आतल्या कोपऱ्यात ५ मिमीची गोलाई सोडणारच. गोल झाडूनं कोपरा पूर्ण निघत नाही, तसं. कोपरा जास्त टोकदार हवा असेल तर शेवटी बारीक कटर लावावा लागतो, आणि वेळ वाढतो. म्हणून चित्र काढतानाच विचारायचं, टोकदार कोपऱ्याची खरंच गरज आहे का?

चौथं काम, वेग. मशीननं मिनिटाला किती फेरे घ्यायचे याचं गणित आठवीच्या मुलीला येईल असं आहे. त्या धातूला चालणारा कापण्याचा वेग घ्या, त्याला १००० नं गुणा, आणि ३.१४ गुणिले कटरची जाडी यानं भागा. ॲल्युमिनियमला मिनिटाला १५० मीटर वेग धरला तर १,५०,००० भागिले ३१.४, म्हणजे सुमारे ४,७७५ फेरे. प्रत्येक दातानं एका फेऱ्यात ०.०५ मिमी माल काढायचा म्हटलं, तर दोन दात गुणिले ०.०५ गुणिले ४,७७५, म्हणजे कटर मिनिटाला सुमारे ४७७ मिमी पुढं सरकवायचा. हाच कटर लोखंडावर लावला तर फेरे कमी करावे लागतात, नाहीतर धार जळते.

पाचवं काम, वाट. आधी वरचा १ मिमी थर काढून तोंड सपाट करायचं. ठोकळा ३० मिमीचा राहिला. मग खड्डा. २० मिमी एकदम नाही, ५-५ मिमीचे चार थर. दोन वाटांमधलं अंतर ४ मिमी. आणि भिंतीला ०.२ मिमी माल मुद्दाम शिल्लक ठेवायचा. हे झालं ढोबळ काम. त्यानंतर कलत्या भिंतीवरून लहान लहान थरांनी हलका हात फिरवून तो शिल्लक माल काढायचा, म्हणजे भिंत गुळगुळीत होते आणि माप नेमकं येतं. आधी वखरणं, मग निंदण. दोन्ही एकाच फेरीत होत नाहीत.

कटर मालात शिरतो तेव्हा वरून खिळ्यासारखा ठोकायचा नाही. गोल जिना उतरावा तसा फिरत फिरत खाली आणायचा. सॉफ्टवेअरला हे सांगावं लागतं.

सहावं काम, भाषांतर. ही सगळी वाट शेवटी जी-कोड नावाच्या ओळींत उतरते. जी ०० म्हणजे हवेतून झटकन जा. जी ०१ म्हणजे कापत सरळ जा. जी ०२ आणि जी ०३ म्हणजे गोलाईत जा. एम ०३ म्हणजे कटर फिरवायला सुरू कर. एम ३० म्हणजे काम संपलं. पण प्रत्येक कंपनीच्या मशीनची बोली जराशी वेगळी असते. घाटावरचं बोलणं आणि घाटाखालचं बोलणं दोन्ही आपलंच, तरी फरक असतोच ना? तो फरक सांभाळणाऱ्या भागाला पोस्ट-प्रोसेसर म्हणतात. तो चुकीचा निवडला तर मशीन एकतर अडतं, नाहीतर भलतंच ऐकतं.

आता माझी चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक वाट आखली. संगणकावर चालवून पाहिली, सगळं हिरवं. मशीनवर लावली आणि दुसऱ्याच मिनिटाला धाडकन आवाज. कटर नग धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर आदळला आणि तुटला. दार बंद होतं म्हणून कुणाला लागलं नाही. कारण काय, तर संगणकावरच्या चित्रात मी ठोकळा काढला होता, क्लॅम्प काढलाच नव्हता. आणि हवेतून जाताना कटर किती उंच ठेवायचा, तेही कमी दिलं होतं. संगणकाला वाटलं, तिथं मोकळी जागा आहे.

त्या दिवशी मला आईच्या गटाचं रजिस्टर आठवलं. रजिस्टरला तेवढंच माहीत असतं जेवढं आपण लिहितो. उधारी लिहिली नाही तर बेरीज बरोबर दिसते आणि पेटी रिकामी निघते. तेव्हापासून मी क्लॅम्पसकट सगळं चित्रात घेते, पहिल्यांदा कटर नगाच्या वर हवेत चालवून बघते, वेग अगदी कमी ठेवते आणि बोट थांबवायच्या बटणाजवळ असतं. पहिला नग मोजल्याशिवाय दुसरा लावत नाही.

सुरक्षेचं एक सांगते. फिरत्या कटरजवळ ओढणी, मोकळी वेणी, बांगड्या नकोत. हातमोजेसुद्धा नकोत, कारण मोजा अडकला की हात ओढला जातो. कीस हातानं झाडायचा नाही, मशीन थांबवून ब्रशनं काढायचा. डोळ्याला चष्मा हवाच.

"पोरीचं काम नाही" असं म्हणणारे भेटतात. यात पोती उचलायची नसतात. मापाचं भान, धीर आणि एकदा झालेली चूक परत न करणं लागतं. जड नग उचलायला क्रेन असते, ती पुरुषालाही लागते.

आता कर्जाकडं वळू. मशिनिस्ट, टर्नर, टूल अँड डाय मेकर हे आयटीआयचे दहावीनंतरचे दोन वर्षांचे व्यवसाय आहेत. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करता येते, त्यात विद्यावेतन मिळतं. पुढं शिकायचं असेल तर संभाजीनगरला चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारच्या लघुउद्योग मंत्रालयाची संस्था आहे. तिथं साचे बनवण्याचे आणि कॅमचे लहान-मोठे अभ्यासक्रम चालतात. चिखलीहून जालन्यामार्गे एसटीनं जाऊन एकदा आई-लेकींनी बघून यावं. घरी सरावासाठी फ्रीकॅड नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. साध्या संगणकावर वाट आखून शिकता येते.

खासगी क्लासला पैसे भरण्याआधी मात्र चार प्रश्न विचारा. तुमच्याकडं खरं मशीन आहे का, की फक्त संगणक? एका मुलीच्या वाट्याला मशीनवर किती तास येतील? आधीच्या तुकडीतल्या मुली आज कुठं काम करतात, त्यांच्याशी बोलता येईल का? मिळणारं प्रमाणपत्र कुणाचं? उत्तरं गुळमुळीत आली तर पैसे गटाच्या पेटीतच राहू द्या.

त्या मावशींनी बैठकीत शेवटी लेकीला फोन लावला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "चक्की नोय ना व ते?" पलीकडून पोरीनं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण मावशींनी रजिस्टर पुढं ओढलं आणि अंगठ्याऐवजी सही केली. गटानं त्याच दिवशी कर्ज मंजूर केलं. हप्ते ठरले, जामीन ठरली. आता लेकीची पाळी आहे.

तुमच्या गावातल्या कुणा मुलीचा असाच प्रश्न असेल, तर आपल्या गटाच्या अध्यक्षांमार्फत कळवा. पुढच्या बोलण्यात उत्तर देईन.