मळी, यीस्ट आणि प्रथिनांचा ताळेबंद

दिवाळीच्या सुमारास प्रवराकाठी गळीत हंगामाचे वेध लागतात. अकोल्याच्या अगस्ती कारखान्यापासून खाली प्रवरानगरपर्यंत गव्हाणी उसाने भरू लागतात. साखर निघते आणि मागे मळी उरते. या मळीचा मद्यार्क करते ती यीस्टची सूक्ष्म पेशी. मळीतली उसाची साखर तिला आधी फोडावी लागते. त्यासाठी ती इन्व्हर्टेज नावाचे प्रथिन बनवून पेशीबाहेर सोडते. भोवती ग्लुकोज भरपूर असेल तर मिग-१ नावाचे प्रथिन इन्व्हर्टेजचा जनुक, सक-२, दाबून धरते. ग्लुकोज कमी झाले की हा दाब सुटतो आणि इन्व्हर्टेज अनेक पटींनी वाढते. कोणते प्रथिन किती बनवायचे, हे पेशी ठरवते कशी? गेली पंचवीस-तीस वर्षे या प्रश्नावर झालेले बरेचसे मूलभूत काम यीस्टमध्येच झाले आहे.

१९९६ मध्ये यीस्टचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला: १६ गुणसूत्रे, सव्वा कोटीच्या आसपास अक्षरे आणि सुमारे सहा हजार जनुके. पुढच्याच वर्षी डेरिसी, अय्यर आणि ब्राउन यांनी, साखर संपत जाताना जवळजवळ प्रत्येक जनुकाचे आरएनए-संदेश कसे वाढतात-घटतात, ते एकत्रित मोजले. संदेश मोजला की प्रथिन कळले, अशी आशा तेव्हा होती. १९९९ मध्ये गायगी आणि सहकाऱ्यांनी तिला धक्का दिला. संदेशांची संख्या जवळपास सारखी असतानाही काही प्रथिनांच्या प्रमाणात वीस पटींहून अधिक फरक त्यांना आढळला. २००३ मध्ये जनुकांना एकेक करून खूणशेपूट जोडून मोजणी झाली. काही प्रथिनांचे पेशीत पन्नासही रेणू नव्हते, तर काहींचे दहा लाखांहून जास्त होते. २०१८ मध्ये अनेक मोजण्या एकत्र करून एका पेशीतल्या प्रथिन-रेणूंचा एकूण आकडा सुमारे ४ कोटी २० लाख निघाला.

मग संदेशाचे महत्त्व किती? २०१५ मध्ये चार्डी, ड्रमंड आणि सहकाऱ्यांनी मोजणीतल्या चुका वजा करून जुनी आकडेवारी पुन्हा तपासली. घातांकी वेगाने वाढणाऱ्या पेशींत प्रथिनांमधल्या फरकाचा ८५ टक्के किंवा त्याहून मोठा भाग संदेशांच्या संख्येशी जुळतो, असे दिसले. त्याहून मोलाची बाब अशी की, ज्या जनुकांचे संदेश जास्त, त्यांचे ट्रान्सलेशनही (संदेश वाचून प्रथिन घडवणे) जास्त जोमाने होते. त्यामुळे संदेशांमधले अंतर प्रथिनांत आणखी रुंदावते. म्हणजे या दोन पायऱ्या एकमेकींच्या विरोधात नाहीत, त्या एकाच दिशेने जोर लावतात.

ट्रान्सलेशनचे काम रायबोसोम करतात. वेगाने वाढणाऱ्या यीस्टच्या पेशीत ते सुमारे दोन लाख असतात. संदेशावर ते कुठे बसले आहेत, हे पाहण्याची रीत इंगोलिया आणि वाइसमन यांनी २००९ मध्ये यीस्टवरच दाखवली. बहुतेक संदेशांत वेग ठरतो तो सुरुवातीला, म्हणजे रायबोसोम किती पटकन चढतो यावर. भरपूर लागणाऱ्या प्रथिनांचे संदेश सोयीच्या कोडॉनांनी (तीन-तीन अक्षरांच्या शब्दांनी) लिहिलेले असतात, त्याचाही हातभार लागतो.

ट्रान्सलेशनची खरी ताकद अडचणीत दिसते. जीसीएन-४ या जनुकाच्या संदेशात मुख्य मजकुराआधी चार छोटे मजकूर आहेत. ॲलन हिनेबुश यांनी त्यांचे कोडे उलगडले. एरवी रायबोसोम त्या छोट्या मजकुरांतच अडकतात. अमिनो आम्लांची उपासमार झाली की सुरुवातीची यंत्रणा मंदावते, रायबोसोम ते मजकूर ओलांडतात आणि मुख्य मजकुरापर्यंत पोचतात. एरवी क्वचित बनणारे प्रथिन मग भराभर तयार होते आणि अमिनो आम्ले बनवणारी जनुके जागी करते. अचानक ग्लुकोज काढून घेतले तर बहुतेक ट्रान्सलेशन काही मिनिटांतच थंडावते, संदेश पेशीत असतानाही. भंडारदरा धरणात पाणी आहे म्हणून शिवारात पोचेलच असे नाही. आवर्तन सुटावे लागते, चारीचे दार उघडावे लागते.

तिसरी बाजू मोडतोडीची. संदेश बहुधा मिनिटांत नष्ट होतात, तर अनेक प्रथिने तासन्‌तास टिकतात. म्हणून संदेश थांबला तरी प्रथिन लगेच कमी होत नाही. बनण्याचा वेग आणि नष्ट होण्याचा वेग यांच्या मेळातूनच शेवटची पातळी ठरते.

हे ज्ञान पुण्यात कारखान्यापर्यंत पोचले आहे. सीरम इन्स्टिट्यूटची हिपॅटायटिस-बीची लस हॅन्सेन्युला जातीच्या यीस्टमध्ये बनते. परक्या जनुकापुढे जोमदार प्रवर्तक जोडायचा, कोडॉन यीस्टच्या सोयीचे करायचे आणि प्रथिन पेशीत टिकेल असे पाहायचे, ही अशा कामाची त्रिसूत्री. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) सूक्ष्मजीव संग्रहात यीस्टचे वाण जपले जातात आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्काच्या किण्वनावर संशोधन चालते.

या विषयाचे दार तालुक्याच्या महाविद्यालयातही उघडू शकते. एक यीस्ट जास्त ग्लुकोजमध्ये वाढवा, दुसरे कमी ग्लुकोजमध्ये. मग दोन्हींत उसाची साखर घालून, सुटणारी साखर डीएनएस रसायनाच्या रंगाने मोजा. कलरीमीटरवरचा फरक इन्व्हर्टेजच्या पातळीचा असेल. जनुक दोन्हीकडे तोच, प्रमाण मात्र वेगळे, हे विद्यार्थ्याने स्वतः मोजले की पाठ्यपुस्तकातला जनुकाकडून प्रथिनाकडे जाणारा बाण त्याला कायमचा समजेल. अकोल्यात मळी आहे, यीस्ट स्वस्त आहे आणि जिज्ञासू मुले भरपूर आहेत. हा प्रयोग पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच व्हायला हवा.