कोपऱ्यावर अडलेला लॅम्प्रे

विलामेट नदीच्या काठावर, अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात, ‘ऑरेगन म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्री’ आहे. तिथल्या मंडळींनी मूळनिवासी जमातींसोबत घडवलेल्या ‘रूट्स ऑफ विज्डम’ या फिरत्या प्रदर्शनाचा एक नायक दिसायला अगदीच ओंगळ: लॅम्प्रे. जबडा नाही, हाडं नाहीत; तोंड म्हणजे दगडाला घट्ट चिकटणारी चकती.

समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा हा जीव उमाटिला आणि शेजारच्या जमातींचं पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न. विलामेटच्या धबधब्यावर लोक तो आजही हातांनी पकडतात. सरकारी खात्यांच्या लेखी मात्र तो टाकाऊ होता. म्हणून त्याच्या नोंदीही धड नव्हत्या. तो कमी होतोय म्हटल्यावर शास्त्रज्ञ जमातीतल्या वृद्धांकडे गेले. कोणत्या ओढ्यात तो कधी मिळायचा, हे त्यांनाच ठाऊक होतं. तो अडतो कुठे, हे त्याच्या अंगात बसवलेल्या रेडिओ-खुणांनी दाखवलं. कोलंबिया नदीच्या धरणांवरचे मासे चढवायचे जिने साल्मनसाठी बांधलेले. लॅम्प्रे चिकटत चिकटत चढतो आणि काटकोनी कडेवर त्याची पकड सुटते. काही ठिकाणी कडा गोल केल्या, तसा तो चढू लागला. उमाटिला नदीत तर जमातीनेच २०००च्या सुमारास मोठे लॅम्प्रे आणून सोडले.

प्रदर्शनात आणखी तीन गोष्टी आहेत. चेरोकींच्या टोपल्यांसाठी लागणारा नदीकाठचा बांबू आणि तुलालिप लोकांच्या रानभाज्या-औषधी वनस्पती यांची नुसती नावं घेऊन पुढे जातो, कारण चौथी गोष्ट आपल्या अंगणातली वाटावी अशी आहे. हवाई बेटांवर खाडीच्या उथळ पाण्याला दगडी बांध घालून मासे वाढवत. हेएइया इथला असा तलाव तब्बल ८८ एकरांचा, काही शतकं जुना. बांधातल्या दाराला उभ्या काठ्यांची जाळी: पिल्लं आत येतात, पोसून मोठी झाली की त्यांना फटीतून बाहेर पडता येत नाही. १९६५च्या पुरात हा बांध फुटला आणि खारफुटी माजली. ही खारफुटी बाहेरून आणलेली, म्हणून तिथे ती उपटावी लागते! आपल्याकडे ती जपतात. जागा बदलली की शहाणपणही बदलतं.

हवाईच्या त्या दारासारखीच गोव्याच्या खाजणांतली, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनींतली, मानस (बांधातलं पाण्याचं दार) भरती-ओहोटीच्या हिशेबावर चालते. आपल्या संग्रहालयांत अशी अवजारं सापडलीच, तर ‘लोकजीवन’ दालनात, काचेमागे. एखाद्या विज्ञान केंद्राने चालती मानस मांडावी आणि ती कशी चालते हे सांगायला खाजणातल्या जाणत्या माणसालाच बोलवावं, मानधन देऊन.