समाजशास्त्राचा मराठवाडी वर्ग

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेतला, की भारतीय समाजाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी अभ्यासाव्या लागतात. प्रत्येक दृष्टीपुढे एकेक नाव छापलेले असते: गो. स. घुर्ये, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई. तिघेही मुंबई विद्यापीठाच्या एकाच विभागातले. घुर्ये १९२४ पासून विभागप्रमुख आणि बाकीचे दोघे त्यांचेच विद्यार्थी. छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांत बसलेली मुले ही नावे घोकतात. तिथून जवळच ज्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला होता. घुर्यांचे जातीवरचे प्रसिद्ध पुस्तक त्यानंतर सोळा वर्षांनी, १९३२ मध्ये आले. आंबेडकरांचे नाव मात्र त्या तिघांच्या यादीत नाही.

या शहरात समाजशास्त्र शिकणे म्हणजे काय, याचा आढावा घेताना ही विसंगती टाळून पुढे जाता येत नाही. मराठवाड्याने समाजशास्त्राला जात, दुष्काळ, स्थलांतर, आंदोलने असे साहित्य भरभरून पुरवले. त्या साहित्यावरून सिद्धान्त मांडण्याचे काम बहुधा दुसरीकडच्यांनी केले. इथल्या विद्यार्थ्याकडे माहिती देणारा म्हणून पाहिले गेले, अभ्यासक म्हणून फार कमी वेळा.

शास्त्राची मराठी वंशावळ

समाजशास्त्र हे नाव विद्यापीठात दाखल होण्याआधी महाराष्ट्रात समाजचिकित्सा सुरू झाली होती. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' आणि ताराबाई शिंद्यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' ही १८८०च्या दशकातली पुस्तके. श्री. व्यं. केतकरांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहिला, तो १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१५ मध्ये त्रिं. ना. आत्र्यांचा 'गाव-गाडा' आला. पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदार आणि फिरस्त्या जमातींपर्यंत गावाची सगळी व्यवस्था त्यात उलगडली आहे. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली मुंबईत विभाग सुरू झाला. घुर्यांकडे शिकून बर्लिनला डॉक्टरेट मिळवलेल्या इरावती कर्वे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. १९५१ मध्ये घुर्यांच्या पुढाकाराने इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली.

ही सगळी हालचाल मुंबई-पुण्यातली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ चे आणि त्याचे शिक्षणमाध्यम उर्दू. खेड्यातल्या मराठी मुलाला उच्च शिक्षण घ्यायचे, तर भाषा बदला आणि हैदराबाद गाठा. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर दोनच वर्षांत, १९५० मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतरचे, २३ ऑगस्ट १९५८ चे.

नागसेनवनाचे महत्त्व फक्त शैक्षणिक सोयीपुरते नव्हते. ज्यांच्या घरात अक्षर नव्हते, अशी मुले वसतिगृहात राहून शिकू लागली, नियतकालिकांत लिहू लागली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' सुरू केले. गावकुसाबाहेरचे जीवन, बलुत्याची कामे, पाणवठे, उपास हे सारे त्यातून लेखी नोंदीत येऊ लागले. साहित्याच्या इतिहासात या लेखनाची नोंद झाली. पण समाजशास्त्राचा पुरावा म्हणून त्याचे वाचन व्हायला बराच काळ जावा लागला.

जगात याला एक जवळचे उदाहरण आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या अटलांटा विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना सोबत घेऊन पाहण्यांची मालिकाच उभी केली. अमेरिकी समाजशास्त्राचा इतिहास लिहिताना मान मात्र शिकागो विद्यापीठाला मिळाला. अटलांटाचे श्रेय अगदी अलीकडे मान्य होऊ लागले आहे. १९४६ मध्ये आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. ज्ञानाच्या दारात दोघांच्याही वाट्याला आलेली वागणूक सारखीच होती.

विद्यापीठ हाच अभ्यासविषय

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधली साडेपंधरा वर्षे मोर्चे, लाँग मार्च, तुरुंग आणि बलिदान यांनी भरलेली आहेत. त्याच १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने वेगळे विद्यापीठ झाले आणि जुन्या विद्यापीठाकडे औरंगाबाद, जालना, बीड, उस्मानाबाद हे चार जिल्हे उरले.

वाद नावाचा होता, मग घरे खेड्यात का जळली? या प्रश्नावर १९७९ पासूनच अभ्यासकांची जुंपली. अत्याचार विरोध समितीचा अहवाल 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्यांनी जात आणि वर्ग यांचे धागे एकत्र तपासले. शिकलेल्या दलित तरुणांमुळे नोकऱ्यांची स्पर्धा वाढली, गावातली हलकी मानलेली कामे नाकारली गेली, गायरानावर हक्क सांगितला गेला, असे अनेक मुद्दे पुढे आले. गायरानाचा प्रश्न तर १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहानेच ऐरणीवर आणला होता. म्हणजे पाटीवरच्या नावाखाली जमीन, मजुरी आणि मान यांचा जुना हिशेब होता. अनुपमा राव यांचे २००९ चे जातीच्या प्रश्नावरचे पुस्तक याच प्रदेशातल्या १९६३ च्या सिरसगाव आणि १९९१ च्या पिंपरी देशमुखच्या अत्याचारांचा माग काढते. एवढी महत्त्वाची ग्रंथसंपदा इंग्रजीत आहे. ज्या गावांवर ती लिहिली गेली, तिथल्या मुलांना ती मराठीत वाचायला मिळत नाही.

आज नाव आणि त्यामागच्या हक्कांचा तोच पेच वेगळ्या रूपात समोर आहे. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकाळच्या दस्तांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसिलांत, अभिलेखागारांत मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. शिरगणतीच्या कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी लिहिलेला एक शब्द आज एखाद्या घराचे भवितव्य ठरवतो. सरकार माणसांची मोजदाद करताना त्यांचे गटही घडवते, हा समाजशास्त्रातला मोठा सिद्धान्त. परदेशी पुस्तक न उघडताही तो इथे तहसीलच्या रांगेत उभे राहून शिकता येतो.

कोयता, कारखाना, पुनर्वसन

मराठवाड्यातले क्षेत्रकार्य म्हटले की आधी दुष्काळ येतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांतून रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. पुढे तिचा कायदा झाला आणि देशाच्या रोजगार हमी कायद्याला त्याचा आधार मिळाला. दुसरा विषय ऊसतोडीचा. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतली कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर साखर पट्ट्यात जातात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईची मजुरी स्वतंत्र मोजलीच जात नाही. मजुरीचा करार विवाहसंस्थेवर कसा उभा राहतो, हे समजायला यापेक्षा थेट उदाहरण मिळणार नाही. खाडा केला की दंड, आणि पाळीच्या दिवसांतही सुटी नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. आरोग्य, कर्ज, लिंगभाव आणि श्रम हे चार पेपर त्या एका आकड्यात सामावले आहेत.

शहरातही विषयांची वाण नाही. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींनी खेड्यातल्या तरुणाला पाळीचा कामगार केले, आणि कंत्राटी पद्धत आल्यावर त्याच्या हातात ओळखपत्र राहिले, शाश्वती गेली. मलिक अंबरने वसवलेल्या खडकीपासून २०२३ च्या नामांतरापर्यंत शहराच्या नावांचा प्रवास आहेच. आणि दक्षिणेला किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, दुरावलेल्या भावक्या. गाव हलवले की नाती कशी हलतात, याची ती जिवंत प्रयोगशाळा. तुळजापूरचे टाटा समाजविज्ञान संस्थेचे संकुल त्या पट्ट्याजवळच आहे.

घरचा अभ्यासक

एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या खेड्यात राहायला गेले, तेव्हा आपल्याच समाजाचा अभ्यास कितपत तटस्थ असू शकतो, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला. मराठवाड्यातल्या एम. ए.च्या विद्यार्थ्याला तो पहिल्याच प्रश्नावलीपासून छळतो. मुलाखत घ्यायला गेलेला मुलगा कुणाचा, कुठल्या आळीचा, हे गावाला आधी ठाऊक असते आणि उत्तर त्यानुसार बदलते. दलित विद्यार्थ्याला पाटलाच्या ओसरीवर एक माहिती मिळते, मराठा विद्यार्थ्याला दुसरी. मुलीला माजघरात प्रवेश मिळतो, पण चावडीवर नाही. पाठ्यपुस्तक याला पूर्वग्रह म्हणते आणि टाळायला सांगते. खरे तर कुणाला काय सांगितले गेले, ही तफावत हाच निष्कर्ष असतो. तो लिहायला शिकवणे, हे शिक्षकाचे सगळ्यात अवघड काम.

त्यासाठी लागणारी सवड आजच्या व्यवस्थेत कमी आहे. २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासात क्षेत्रप्रकल्पाला आणि संशोधन प्रकल्पाला क्रेडिट मिळू लागले, हे स्वागतार्ह आहे. पण सेट-नेट उत्तीर्ण झालेले अनेक जण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. ज्याची पुढच्या वर्षाची खात्री नाही, तो विद्यार्थ्यांना घेऊन गावात आठवडाभर कसा राहणार? मुलांनाही घाई असते. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या अधिछात्रवृत्तीवर अनेकांची पीएच.डी. उभी आहे, आणि स्पर्धा परीक्षांसाठी समाजशास्त्र गुण देणारे म्हणून निवडले जाते. अशा वेळी नोट्स फिरतात. दुर्खाइमची आत्महत्येची वर्गवारी पाठ होते, आणि शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यातली मुले ती आपल्या गावाला न लावता उत्तरपत्रिकेत लिहून येतात.

बदल अजिबात नाही असे नव्हे. नेटच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात आता भारतीय विचारवंतांत आंबेडकर आणि इरावती कर्वे आहेत. शर्मिला रेगे यांनी पुण्यात दलित स्त्रियांची आत्मकथने समाजशास्त्राचा पुरावा म्हणून वाचून दाखवली, तो पायंडा राज्यभर पोहोचला. मराठी समाजशास्त्र परिषद मराठीतून शोधनिबंध वाचण्याची सवय टिकवून आहे.

पुढची पायरी कामकाजाची आहे. ऊसतोडीची गावे दिवाळीनंतर अर्धी रिकामी होतात आणि सत्राचा क्षेत्रप्रकल्प नेमका त्याच काळात येऊ शकतो. मग विद्यार्थ्याला म्हातारी माणसे आणि कुलुपे भेटतात, आणि कामकरी पिढी अहवालातून गळते. वेळापत्रक हंगाम पाहून लावावे, टोळ्या जिथे पाल ठोकून आहेत तिथे विद्यार्थी पाठवावेत, आणि प्रत्येक लघुप्रबंध मराठीत, सूचीसकट, ग्रंथालयात सांभाळून ठेवावा. एका गावाचा अभ्यास दहा वर्षांनी दुसऱ्या विद्यार्थ्याने पुन्हा केला, तर त्या गावात काय बदलले हे सांगायला बाहेरचा तज्ज्ञ बोलवावा लागणार नाही. या कामाला मोठा निधी लागत नाही. कायम नेमलेला शिक्षक, एसटीचे भाडे आणि आपल्या मुलांचे लिखाण जपण्याइतकी किंमत त्याला देणारे विद्यापीठ, एवढे पुरे आहे.